मिटल्या पंखातली काडी

नाना कुणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे बघत नसत, दाराकडे बघत. तेही कडीकडे नाही, बिजागरीकडे. उंबऱ्यावर उभं राहून दार जरासं पुढंमागं करायचं, कान देऊन ऐकायचं, आसपास एखादं पोर असलं तर त्याचा हात धरून त्याला बाजूला न्यायचं, आणि मग "काय चाललंय?" म्हणून विचारायचं. लग्नाच्या बोलणीला गेले तरी हेच. किहीममध्ये त्यांना कुणी खऱ्या नावानं ओळखत नसे. 'बिजागरीनाना' म्हटलं, की वाडीतलं कुणीही घर दाखवी. हे नाव त्यांना आवडत होतं की नाही, मला कधी कळलं नाही. पण त्या नावाला ते ओ देत.

मी मूळची पालीची. किहीमच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा नानांच्या पडवीतली खोली मला भाड्यानं मिळाली. पहिल्याच दिवशी मी खिडकी उघडत होते, तर मागून आवाज आला, "बाई, खिडकी धरायची ती इथं. तिथं न्हाय." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "नाना, मी शाळेत शिकवते, मला खिडकी उघडता येते." त्यांनी आपला डावा हात माझ्यापुढं धरला. मधली दोन बोटं अर्ध्यावरच संपलेली. "ह्यालाबी सगळं येत व्हतं," ते म्हणाले आणि विहिरीकडे निघून गेले. त्यानंतर मी खिडकी जिथं धरायची तिथंच धरू लागले.

त्या बोटांची हकिकत मला नानींनी सांगितली. नाना तरुणपणी रेवदंड्याच्या खाडीत होड्या बांधायच्या कामावर होते. एका मोठ्या मचव्याला सुकाणू बसवताना नानांचा हात बिजागरीत होता आणि वरून धरलेलं सुकाणू सुटलं. "मुकादमानं घाई केली," असं नानी म्हणत. नाना तिथंच बसलेले असत, पण या वाक्याला त्यांनी कधी होकार दिला नाही की नकार दिला नाही. त्यानंतर त्यांनी मोठ्या होड्या सोडल्या आणि हातभर लांबीच्या होड्या करायला घेतल्या. कोळीवाड्यात कुणी नवी होडी पाण्यात घातली, की तिच्यासारखीच लहानशी लाकडी होडी करून देवीच्या देवळात टांगायची रीत होती. ती होडी नानांकडूनच व्हायची. तिच्याबद्दल त्यांचा एक हट्ट होता. शीड गुंडाळलेलं पाहिजे, नांगर खाली पाहिजे आणि सुकाणू एका बाजूला ओढून दोरीनं बांधलेलं पाहिजे. "देवीला परत आलेली होडी दाखवायची. चाललेली न्हाय," असं ते गिऱ्हाइकाला बजावत.

नानांचा एकुलता मुलगा वसंता आरमारात होता. साठ सालानंतर आपल्याकडे विमानं वाहून नेणारं जहाज आलं, त्याच्या आगेमागे वसंताची नेमणूक विमानांवर झाली. उडवायला नव्हे, ढकलायला, साखळ्यांनी बांधायला, पंख मिटवायला. जहाजावर जागा कमी, म्हणून त्या जेट विमानांचे पंख मधून दुमडून वर उभे करतात, हे त्यानं सुट्टीत आल्यावर सांगितलं. नानी म्हणाल्या, "म्हंजे कोंबडीवाणी?" वसंता हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "दुमडतात म्हंजे, बिजागरी कुठं?"

त्या दिवसापासून नानांनी जेट करायला घेतलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, बिजागऱ्यांना पितळी पत्रा, खिळ्यांच्या जागी टाचण्या. नमुना म्हणून एका वर्तमानपत्रातलं काळपट चित्र होतं, ते मीच शाळेतून आणून दिलं होतं. त्यात विमान कमी आणि शाई जास्त होती. नाना ते चित्र उन्हात धरत, दिव्याशी धरत, उलटं करून बघत. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो. जेवायची वेळ टळून गेली तरी ते पडवीत बसून पंख वर करायचे, खाली करायचे. नानी ताट झाकून ठेवत आणि माझ्याकडे बघून मान हलवत.

वसंता पुढच्या सुट्टीला आला तेव्हा जेट फळीवर तयार होतं. पंख वर मिटलेले. शेपटीचं सुकाणू एका बाजूला ओढून, चक्क सुतळीनं बांधलेलं. पंखांच्या मागच्या कडांना टोकाकडे लहान आणि आत मोठ्या अशा ज्या झडपा असतात, त्या सगळ्या खाली सोडलेल्या. वसंतानं ते हातात घेतलं आणि तो पोट धरून हसायला लागला.

"नाना, हे काय मचवा आहे? सुकाणू बांधताय ते?"

"नांगरलेलं हाय ना? मंग बांधायला नको?"

"सरळ ठेवतात ते, आणि खिट्टी घालतात. वाऱ्यानं फडफडलं तर त्याचीच बिजागरी तुटते. आणि या टोकाच्या झडपा दोन्ही एकदम खाली नाही जात. एक वर गेली की दुसरी खाली, तेव्हा विमान कलतं. ते उडताना. उभं असलं की दोन्ही सरळ, पंखाच्या रेषेत."

नानांनी सुतळी तिथंच कापली. मग पंखांची पाळी आली. ते उभे सरळ की कलते, हे तोंडी सांगता येईना, तेव्हा वसंता अंगणात दोन्ही हात वर करून उभा राहिला. "असे नाही, असे. जरा आत." नाना काटकोन बघायचा गुण्या घेऊन त्याच्या दंडाला लावताहेत, तो हात वर करून उभा आहे, आणि नानी कपडे वाळत घालताना विचारताहेत, "काय केलंन् त्यानं? कशाला उभा केलाय?" इतकं हसू त्या अंगणात मी आधी ऐकलं नव्हतं.

मग वसंता बोलता बोलता म्हणाला, "एक मात्र बरोबर आहे तुमचं. या आतल्या बाजूच्या मोठ्या झडपा खाली दाखवल्यात, त्या तशाच असतात. इंजिन बंद झालं की तेलाचा दाब उतरतो, मग त्या आपोआप हळूहळू लोंबतात."

नानांचा हात थांबला. "दाब उतरला की लोंबतात?"

"हो."

"आणि पंख? तो कशानं वर जातो?"

"त्याच दाबानं."

"वर ऱ्हातो कशानं?"

"सांध्यात खिट्टी बसते, शिवाय आधाराचा दांडा लावतो आम्ही. एक टोक पंखाला, एक अंगाला. मग दाब असो नसो, पंख हलत नाही."

"दांडा कोन लावतो?"

"मी. म्हणजे आमच्यातला जो असेल तो."

"आणि दांडा लागायच्या आधी तुझा हात कुठं असतो?"

वसंतानं विमान फळीवर ठेवलं आणि "नाना, तिथं सगळे शिकलेले असतात," असं काहीतरी म्हणून तो पाणी प्यायला आत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा चाळा नव्हता. इतके महिने हा माणूस विमान करत नव्हता. आपल्या मुलाचा हात कुठं जातो, ते तो शोधत होता. त्याला ती जागा आता सापडली होती.

त्या सुट्टीतले उरलेले दिवस त्या घरात कुणाला सुख नव्हतं. नानांनी पंखांच्या बिजागऱ्या सैल केल्या, म्हणजे आधार नसला की पंख धाडकन खाली यायचा. दांड्याच्या जागी काडेपेटीची काडी. वसंता चहाला बसला, की समोर जेट. "मिटव." तो पंख वर करी. "आता खिट्टी बघ, बसली का." तो बोट आत नेऊ लागला, की नाना पंख सोडत. बोटाऐवजी कधी ते दुसरी काडी धरत आणि ती मोडल्याचा बारीकसा आवाज यायचा. "आधी काडी. मंग हात. आनि सोडवताना आधी हात भाईर, मंग काडी." दिवसातून कितीदा, याला गणती नव्हती. एकदा वसंता चिडून उठला. "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणाला. नानी मध्ये पडल्या, "आवो, पोरगा चार दिवस आलाय, त्याला सुखानं घास खाऊ द्या." नानांनी दोघांकडेही पाहिलं नाही. "मिटव," म्हणाले. वसंतानं दात-ओठ खात पंख मिटवला. आधी काडी लावली.

तो गेला त्या दिवशी नानांनी जेटचे पंख पसरून ठेवले. म्हणाले, "पोरगा घरी न्हाय, तवर हे उघडंच ऱ्हानार." पुढं ती घरातली रीतच झाली. वसंता दर्यावर असला की पंख उघडे. सुट्टीला आला की त्यानं स्वतःच्या हातानं मिटवायचे. नानींनी एकदा सणाच्या दिवशी, मुलाच्या आठवणीनं जीव राहिना म्हणून, पंख मिटवून जेटला हळदकुंकू वाहिलं. नाना बाहेरून आले, त्यांनी ते पाहिलं, आणि ते घरभर वसंताला हाका मारत फिरले. तो आलाय असं त्यांना खरंच वाटलं होतं. नानी पदर तोंडाला लावून चुलीपुढं बसून राहिल्या.

आणि मग ती बातमी आली. मासळी घेऊन येणारी चांगुणा पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "नाना, ऐकलंस का? आमचा एक पोऱ्या भाऊच्या धक्क्यावरना आला, तो सांगत व्हता. तुज्या वसंताच्या तिथं इमानाच्या पंखात कुनाचा तरी हात सापडला म्हनं. बोटां गेली."

"कुनाचा?"

"ता न्हाय म्हाईत. आपल्याच बाजूचा पोर हाय म्हनं."

नानींच्या हातातली परडी खाली पडली. चांगुणेला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं, आणि ती कोळंबीचे पैसे न घेताच उठली. वसंता त्याच आठवड्यात रजेवर यायचा होता. दिवस नक्की नव्हता. नाना रोज सकाळी एसटीनं रेवसच्या धक्क्यावर जाऊन बसायला लागले. नानी मला म्हणाल्या, "बाई, सुट्टी टाका आनि संगं जा. मना न्हाय जमायचं थितं उभं ऱ्हायला." मी गेले.

धक्क्यावर लाँच लागायची, माणसं उतरायची, बोचकी, टोपल्या, पत्र्याच्या ट्रंका, आणि आम्ही दोघं माणसांचे चेहरे सोडून हात बघत असायचो. मी एकदा म्हटलं, "नाना, एवढी माणसं असतात तिथं. वसंताच कशाला असेल?" ते म्हणाले, "बाई, असं म्हनू नये." मला तेव्हा समजलं नाही, का म्हणू नये.

दुपारच्या लाँचनं वसंता आला. मला तो आधी दिसला. डाव्या हातानं खांद्यावरची ट्रंक सावरलेली आणि उजवा हात पँटच्या खिशात. मान खाली घालून तो लाँचच्या फळीवरून चालत आला, आमच्यासमोर उभा राहिला, तरी हात खिशातच. नानांनी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"हात काढ," ते म्हणाले.

वसंताला क्षणभर कळेना. मग त्यानं हात बाहेर काढला. मुठीत लाँचचं तिकीट होतं. नानांनी ती मूठ उघडली, तिकीट खाली पडलं. एकेक बोट त्यांनी मुळापासून टोकापर्यंत चाचपून पाहिलं. मग ट्रंक उतरवायला लावून दुसराही हात पाहिला. आणि मग ते तिथंच, माणसांच्या पायांत, धक्क्यावर बसले.

एसटीत वसंतानं सांगितलं. किनाऱ्यावरच्या तळावर काम चाललं होतं. पंख वर गेला, आणि खिट्टी बसली की नाही याची शंका आली. "माझाच हात जायचा होता नाना. मी दांडा आणायला वळलो. इब्राहिम म्हणाला, कशाला, एवढ्यात होतंय. मी चार पावलं गेलो असेन." इब्राहिम हा त्याचा जोडीदार, श्रीवर्धनकडचा. वय वसंताइतकंच. घरी नुसती आई.

मी खोटं बोलणार नाही. मला त्या वेळी आनंद झाला होता. आपला वाचला, एवढंच माझ्या मनात होतं, आणि नानांच्या तोंडावरही तेच दिसेल असं मला वाटलं. पण नाना खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी विचारलं, "त्याला तू काडीचं सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं. दोनदा. हसला."

"मीबी हसलो व्हतो," नाना म्हणाले. "मुकादम म्हनत व्हता, पाचर मार, मंग हात घाल. मीच हसलो." इतक्या वर्षांत नानींनासुद्धा न सांगितलेली ती गोष्ट त्यांनी एसटीच्या बाकावर सांगून टाकली.

घरी आल्यावर वसंता फळीकडे गेला. नाना म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. ह्या खेपेला एकजन अजून आला न्हाय." पंख उघडेच राहिले.

इब्राहिम पुढं दवाखान्यातून सुटल्यावर वसंताबरोबर किहीमला आला. लाजाळू मुलगा. हात सारखा रुमालाखाली. नानींनी त्याला आग्रह करकरून वाढलं आणि तोंडानं काही विचारलं नाही. नानांनी त्याच्यापुढं जेट ठेवलं आणि आपला डावा हात त्याच्या उजव्या हाताशेजारी फळीवर ठेवला. दोन अर्धी बोटं इथं, तीन तिथं. "मिटव," म्हणाले. इब्राहिमला सुरुवातीला पंख धरता येईना. नानांनी मदत केली नाही. मला राग आला, मी उठणार होते, पण नानींनी माझं मनगट दाबून धरलं. शेवटी त्यानं पंख वर नेला, अंगठ्यानं अडवला, आणि दुसऱ्या हातानं काडी बसवली.

"चाचा, ही काडी मला तेव्हा..." तो म्हणाला.

"व्हय," नाना म्हणाले. "मलाबी."

ते जेट त्यांनी इब्राहिमला देऊन टाकलं. त्याला पुढं नव्या भरतीच्या पोरांना काम दाखवायला ठेवलं, तेव्हा म्हणे तेच तो त्यांच्यापुढं ठेवत असे, आणि सोबत काड्यांची पेटी. नानांनी घरासाठी दुसरं केलं. ते पहिल्यापेक्षा सफाईदार होतं, सुकाणू सरळ, झडपा जिथल्या तिथं. पण आतल्या मोठ्या झडपा मात्र तशाच लोंबत्या. कुणी पाहुणा म्हणाला, "नाना, हे जरा वर चिकटवा, बरं दिसेल," तर ते म्हणत, "बरं दिसायला न्हाय केलेलं. दाब उतरलाय, ते दिसलं पायजे."

पुढं माझी बदली चौलला झाली. तरी सुट्टीत मी किहीमला जायचेच. आईवडिलांनंतर मला विचारणारं तेवढंच एक घर होतं. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दारं मात्र ते अजून तपासत, कानानं. शेवटच्या आजारात निरोप आला म्हणून मी गेले, तेव्हा वसंता आदल्याच दिवशी रजेवर आला होता. नाना खाटेवर होते, अंगात ताप, बोलणं तुटक. त्यांना दिसत काहीच नव्हतं. त्यांनी वसंताचे हात मागितले आणि नेहमीसारखी सगळी बोटं चाचपली. मग म्हणाले, "आन ते."

वसंतानं जेट खाटेवर ठेवलं. पंख पसरलेलेच होते. येऊन दिवस झाला तरी मिटवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मिटव."

वसंतानं पंख वर नेला. नानांचा डावा हात चाचपडत आला आणि बिजागरीपासून बोटभर अंतरावर थांबला. वसंताच्या डोळ्यांना धार लागली होती, त्याला काडी दिसेना. मी पेटीतून काढून त्याच्या हातात दिली.

"काडी लागली का?"

"लागली, नाना."

तेव्हा कुठं नानांनी आपली अर्धी बोटं पंखाच्या सांध्यात घातली. आत आपल्याला हवं ते सापडल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला, आणि हात तिथंच ठेवून ते पडून राहिले. नानी पायाशी बसल्या होत्या. ऊन पडवीतून अंगणात उतरलं तेव्हा त्यांनी नानांच्या तळपायाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

लोक जमायला लागले. जेट उचलून बाजूला ठेवायला हवं होतं. कुणीतरी पुढं झालं, तर वसंतानं त्याला थांबवलं. तो खाटेशी गुडघ्यांवर बसला. आधी नानांचा हात त्यानं सांध्यातून हलकेच बाहेर घेतला, त्यांच्या छातीवर ठेवला, आणि मग काडी काढली.